सात लिव्हरचं कुलूप आणि दादाचा फोन

सोमवार, ३

आधीच सांगते, माझ्या शुद्धलेखनाच्या नावाने बोंब आहे. नववीत शाळा सोडली. टाइप करते ते एका बोटाने, आणि ते बोटही कानशीने सोललेलं, त्यामुळे एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो. वाचणारं कोणी नाही, तरी माफी मागून ठेवते. सवयच आहे मला. मी दाराला धडकले तर दाराला सॉरी म्हणते.

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहितेय. अण्णा त्याला हात लावत नाहीत, दादाला आता लावू देत नाहीत, आणि आई त्याच्यावर फडकी वाळत घालते. म्हणजे तो माझाच.

आमचं कुलूप-किल्लीचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाकावर बसून कुलूपं दुरुस्त करतात आणि जगावर चिडतात. दादा व्हॅन घेऊन फिरतो आणि बाहेर अडकलेल्या लोकांची दारं उघडून देतो. मी मशीनवर किल्ल्या कापते. मशीनचा आवाज इतका मोठा आहे की गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते फार आवडतं. अण्णा मला 'मुके' अशी हाक मारतात. बोलायला गेले की माझी दातखीळ बसते हे खरंय. लिहिताना मात्र तोंड सुटतं.

तर शनिवारी वहिनी चिमणीला घेऊन घर सोडून गेली. चिमणी म्हणजे दादाची तीन वर्षांची पोरगी. का गेली हे मला कोणी सांगत नाही, कारण मी 'लहान' आहे. अठरा पूर्ण झाली मला. मत द्यायला चालते, ऐकायला चालत नाही. पण आमच्या जिन्यात सगळं ऐकू येतं.

झालं असं. गुरुवारी एका बाईचं दार लागलं. बाई बाहेर, बाळ आत, गॅसवर दूध. तिने दुकानात फोन केला, मी दादाला केला. तो म्हणाला, "पोचतोच." पोचलाच नाही. मग फोनही उचलेना. शेवटी अग्निशमनवाल्यांनी दार फोडलं. बाळ ढाराढूर झोपलेलं, दुधाचा मात्र कोळसा. आणि दादाची व्हॅन त्याच गल्लीत, कोपऱ्यावर उभी. आत दादा, हातात फोन. अग्निशमनवाल्याने काचेवर टकटक केलं आणि फोनवर काय चाललंय ते बघितलं. तसले व्हिडिओ. तो माणूस आग विझवतो म्हणे, पण ही बातमी त्याने गावभर पेटवली.

वहिनी जिन्यात म्हणत होती, "दोन वर्षं मला अर्जंट काम, अर्जंट काम सांगतोस. हे होतं तुझं अर्जंट?"



एवढं काय असतं त्यात, की बाळ आत आणि हा बाहेर बसून राहतो? घाणेरडा आहे माझा भाऊ. लिहून टाकलं.

बुधवार, ५

आज घरात बैठक झाली. आईने मामाला बोलावलं. मामा एका गोदामात मुकादम आहे आणि त्याला प्रत्येक विषयातलं कळतं. दादाला मधोमध स्टुलावर बसवलं, केस कापायला बसवतात तसं. गंमत म्हणजे बैठक ज्याच्यावर होती त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. सगळे 'ते' म्हणत होते.

"ते कधीपासून आहे?" मामाने विचारलं.

"ते उष्णतेमुळे होतं," आई म्हणाली. "मी म्हणतच होते, पाणी कमी पितो."

"गार पाण्याने आंघोळ कर," मामा म्हणाला. "पहाटे. आणि पळायला जा. खरं सांगू का, लग्न केलं की ते आपोआप सुटतं."

"मामा, माझं लग्न झालंय," दादा म्हणाला.

मामा जरा अडकला. मग म्हणाला, "मग अजून एक पोर होऊ दे."

मला हसू आलं म्हणून मी खोकले. आईने मला पाणी आणून दिलं.

अण्णा इतका वेळ कानस घासत होते. आता म्हणाले, "बडबड पुरे. फोन काढ." दादाने फोन दिला. "हा पेटीत जाईल. पेटीला माझं कुलूप. कामासाठी साधा बटणांचा फोन वापर. मुके, किल्ली तुझ्याकडे. तू कोणाला सांगणार नाहीस, तुला सांगताच येत नाही."

सगळे हसले. दादा पण. मग अण्णा त्याच्याकडे बघून म्हणाले, "दार उघडायची अक्कल नाही ती नाहीच, निदान बंद ठेवायला तरी शीक." तेव्हा फक्त मामा हसला.

शुक्रवार, ७

पेटी दुकानात बाकाखाली आहे. कुलूप अण्णांनी स्वतः बनवलेलं, सात लिव्हरचं. लिव्हर म्हणजे आतल्या पट्ट्या, सातही एकदम नेमक्या उचलल्या तरच उघडतं. किल्ली माझ्या गळ्यात. काम करताना खाली वाकले की मशीनवर आपटते. वहिनीकडून काहीच निरोप नाही.

शनिवार, ८

आम्ही किती मूर्ख आहोत हे आज लक्षात आलं. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की दादा कुलूपवाला आहे. तो कुलूपंच उघडतो. ते त्याचं कामच आहे!

सकाळी कुलूप जागेवर होतं, पण उलटं लटकलेलं. अण्णा कायम तोंड भिंतीकडे करून लावतात. मी अण्णांना नुसतं बोट करून दाखवलं. वाटलं आता दुकान डोक्यावर घेणार. त्यांनी कुलूप काढलं, उजेडात धरलं, भिंग लावून बघितलं, फिरवून बघितलं. ओरखडा नाही.

"एक ओरखडा नाही," अण्णा म्हणाले. "सात लिव्हर. हात बसलाय पोराचा."

दादा दारातच उभा होता, हातात चहा घेऊन. त्याने ऐकलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. चिमणीला फुगा दिल्यावर होतो तसा, आणि लगेच कसनुसा.

मग अण्णांना आठवलं की आपण चिडलेलो आहोत, आणि ते ओरडले. पण जरा उशीरच झाला होता.

मंगळवार, ११

घरात वेड लागलंय. अण्णांनी रविवारी दुसरं कुलूप बनवलं, आत खोटी खाच ठेवून. दादाने उघडलं. काल तिसरं. ते पण उघडलं. अण्णा सकाळी उठून तोंड न धुता पेटीकडे जातात. दादा दिवसभर खिशात कुलूप उघडायचा तारेचा हुक फिरवत बसतो. जेवताना दोघं बोलत नाहीत, पण अण्णांनी आज विचारलं, "स्प्रिंग कुठून धरलीस?" आणि दादा म्हणाला, "खालून. वरून फसवी होती."

"हं," अण्णा म्हणाले आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. आई लगेच माझ्याकडे बघायला लागली. अण्णा कोणाच्या ताटात काही टाकत नाहीत.

मी दादाला जिन्यात गाठलं. त्याच्याशी मला बोलता येतं, तेवढा एकच आहे. म्हटलं, "लाज नाही वाटत? रोज पेटी उघडून बघतोस ते?"

"उघडली," तो म्हणाला. "बघितलं नाही."

"खोटारड्या."

"अगं खरंच. कुलूप उघडलं की फोन तसाच ठेवला आत आणि परत लावलं. चार दिवस झाले." मग म्हणाला, "मला पण कळत नाही."

मला पण नाही कळलं. चार दिवस पेटी उघडतो आणि ज्याच्यासाठी उघडतो ते घेत नाही. वेडा आहे. आई म्हणते उष्णता उतरली.

शुक्रवार, १४

पाणी फिरलं सगळ्यावर. काल एका शाळेच्या कपाटाचं कुलूप दादाच्या हातून उघडताना तुटलं. शाळावाला दुकानात येऊन बोलला, आणि अण्णा त्याच्यासमोरच दादाला म्हणाले, "खेळण्यातली उघडतोस. कामाचं आलं की हात लुळे पडतात." शाळावाला हसला. दादा पण हसला. तो नेहमी हसतो.

आज सकाळी पेटी सताड उघडी, फोन गायब, कुलूप खाली पडलेलं, बाजूला ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत. दादा व्हॅन घेऊन गेला तो दुपारपर्यंत आलाच नाही. तीन गिऱ्हाइकं फोन करून करून शिव्या घालून गेली. त्या शिव्या मी ऐकल्या, कारण फोनजवळ मी होते. मला फक्त "हो" म्हणता आलं.

आला तेव्हा डोळे सुजलेले. अण्णा म्हणाले, "झालं? आलास ओकून?" आणि मला पहिल्यांदा अण्णांचाच राग आला. का ते नाही माहीत. चूक तर दादाची आहे.

मंगळवार, १८

वहिनीने निरोप पाठवला. ती औषधांच्या दुकानात काम करते, तिथे येणाऱ्या, व्यसनं सोडवणाऱ्या एका मॅडमचा नंबर तिने दिला. म्हणाली, त्यांच्याकडे गेलात तर पुढचं बोलू, आणि एकटा दादा नाही, सगळे जा. "घरच्यांनाच कळायचं नसेल तर मला परत येऊन काय करायचंय?"

मॅडम सरकारी दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर बसतात, प्लास्टर घालतात त्या खोलीच्या शेजारी. बाहेर बाकावर सगळे हात-पाय मोडलेले, आणि आम्ही चौघं धडधाकट. एका काकांनी आईला विचारलं, "तुमचं काय मोडलंय?" आई म्हणाली, "आमचं उष्णतेचं आहे."

मॅडम जाड्या आहेत, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी 'ते' असं नाही म्हटलं. सरळ शब्द वापरला. अण्णांनी छताकडे बघितलं.

"किती वेळ बघता हे मी आधी विचारतच नाही," त्या दादाला म्हणाल्या. "थांबायचं ठरवलं की थांबता येतं का?"

"नाही."

"नुकसान होतंय दिसत असतानाही?"

"बाळ आत होतं मॅडम," दादा म्हणाला. एवढंच.

"मजा येते?"

मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आणि स्टूल दोघांनी आत जावं. दादा म्हणाला, "आधी यायची. आता नुसता हात जातो. कधी कधी रडू येत असतं आणि तरी मी बघतच असतो."

अण्णा म्हणाले, "रडत रडत कोण बघतं?"

"पुष्कळ जण," मॅडम म्हणाल्या. "याच खुर्चीत बसून सांगतात." मग अण्णांना विचारलं, "तुम्ही काय उपाय केलात?"

अण्णांनी छाती काढून पेटी आणि सात लिव्हर सांगितले. मॅडमनी चष्मा काढला आणि इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून प्लास्टरवाला डोकावला. "कुलूपवाल्याला कुलूप लावलंत? अहो, पोहणाऱ्याला पाण्यात टाकून शिक्षा दिल्यासारखं झालं हे!"

अण्णा पण हसले. मी त्यांना परक्यासमोर हसताना कधी बघितलं नव्हतं.

मग मॅडमनी दादाला विचारलं, "त्या आधी काय होतं? फोन हातात यायच्या अगदी आधी?"

दादा म्हणाला, "कामाचा फोन येतो. मी निघतो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो की वाटतं, उघडणारच नाही. सगळे हात बांधून मागे उभे राहणार, बघत. आणि कानात..." तो अण्णांकडे न बघता म्हणाला, "कानात एक आवाज असतो, अक्कल नाही म्हणणारा. म्हणून पाच मिनिटं थांबतो. डोकं बंद व्हावं म्हणून. मग पाच मिनिटांचा तास होतो. मग लाज वाटते, आणि लाज वाटली की परत फोन."

मी खाली बघितलं. शाळेत धडा वाचायला उभं करायचे तेव्हा मी संडासात जाऊन बसायचे, घंटा होईपर्यंत. नंतर नंतर घरातूनच निघाले नाही. कोणी मला घाणेरडी नाही म्हटलं. लाजाळू म्हटलं. आमच्या दोघांत फरक आहे, मला माहितीये, माझ्यामुळे कोणाचं बाळ अडकलं नाही. पण ती गल्लीच्या तोंडाची जागा मला ओळखीची वाटली.

"त्याला माफ करा असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी जे झालं ते त्याचंच, ते त्यालाच निस्तरायचं. खोटं बोलला ते पण. पण थुंकून हे जात नाही. उलट लाज विसरायला त्याला एवढी एकच जागा माहितीये." दर आठवड्याला यायला सांगितलं. कामावर एकट्याने जायचं नाही काही दिवस. आणि घसरला तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही. घसरणार, हे पण सांगितलं.

"आणि पेटी?" अण्णांनी विचारलं.

"पेटीत स्क्रू ठेवा."

येताना अण्णा व्हॅनमध्ये मागे बसले, हत्यारांच्या मध्ये. घरी आल्यावर आईला म्हणाले, "माझा आवाज मोठा आहे का गं?" आई म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." कारण त्यांनी फारच हळू विचारलं होतं.

शुक्रवार, २१

कोणी जायचं दादाबरोबर? आईला गाडी लागते. अण्णा गेले तर तो आवाज कानातून उठून शेजारच्या सीटवर येऊन बसणार. राहिलं कोण? मी.

पहिलंच काम. एक गृहस्थ पेपर उचलायला दाराबाहेर आले आणि दार लागलं. अंगावर फक्त टॉवेल. चौथ्या मजल्यावर, आणि अख्खी इमारत जिन्यात जमलेली. दादाने गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू केली.

"पाच मिनिटं थांबू?" तो म्हणाला.

"टॉवेल सुटेल त्यांचा," मी म्हटलं.

तो हसला आणि गाडी पुढे घेतली.

वर गेलो तर सगळे हात बांधून उभे, अगदी दादाने सांगितलेलं तसंच. एक पोरगा व्हिडिओ काढत होता. एक आजोबा म्हणाले, "याला जमेल का? परवाचा तोच ना हा? बाळावाला?" दादाचा हुक खाली पडला. खणकन आवाज झाला.

मग माझ्या तोंडातून काहीतरी निघालं. माझाच आवाज, पण मशीनएवढा मोठा. "हो, तोच! आज आलाय ना? मागे व्हा सगळे! उजेड अडवू नका! आणि तू, फोन खिशात घाल, नाहीतर तुझ्या घराचं कुलूप बदलून टाकेन!"

सगळे एक पायरी खाली गेले. टॉवेलवाले गृहस्थ पण गेले. मी म्हटलं, "तुम्ही नाही काका."

दादाने उघडलं. वेळ लागला, पण उघडलं. परत येताना त्याने मला व्हॅनमध्ये चढायला हात दिला. "मुके," तो म्हणाला, "काय बोललीस गं!" मी म्हटलं, "सॉरी." सवय.

मंगळवार, २५

दादा घसरला. काल. कामावर नाही, घरी, आईच्या जुन्या फोनवर. माझ्यासमोर वहिनीला फोन लावला. वाटलं गुळमुळीत सांगेल. तो म्हणाला, "आज झालं. थांबायचं होतं, नाही थांबलो. आईचा फोन घेतला, न विचारता." वहिनी म्हणाली, "बरं," आणि ठेवून दिला.

"बरं म्हणजे काय?" दादाने मला विचारलं.

मला काय माहीत. मी तर दारांना सॉरी म्हणते.

आईला कळलं तेव्हा तिने फोन साबणाच्या पाण्याने पुसला. आता तो बंद पडलाय.

अण्णा हे सगळं ऐकत बाकावर बसले होते. मला वाटलं आता 'ओकून आलास' येणार. तोंड उघडलं त्यांनी, बंद केलं, परत उघडलं. मग म्हणाले, "उद्या त्या बाळाच्या घरचं फोडलेलं दार नीट करायला जायचं. मी येतो बरोबर. चौकट मी बसवतो, कुलूप तू." आज दोघं गेले. ती बाई दादाशी बोलली नाही, अण्णांना मात्र पाणी दिलं. दादा म्हणतो, बरोबरच केलं तिने.

शनिवार, २९

वहिनीचा फोन दुकानात आला, मी उचलला. म्हणाली, "माझ्या खोलीचं कुलूप बदलायचंय. त्याला पाठव. तू पण ये. किल्ल्या सगळ्या माझ्याकडे राहतील."

ती मैत्रिणीच्या घराच्या वरच्या खोलीत राहते. दादाने अण्णांनी दारांसाठी बनवलेल्या कुलपांतलं सगळ्यात चांगलं, सात लिव्हरचंच, उचललं. अण्णांनी बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

वहिनी दारातच उभी. वाळलीय. चिमणी तिच्या मागून डोकावत होती, दादाने हात पुढे केला तर वहिनी म्हणाली, "आधी काम." त्याने काम केलं. मी स्क्रू धरले. चिमणीने एक स्क्रू गिळायचा प्रयत्न केला, तेवढाच विरंगुळा.

झाल्यावर वहिनीने तिन्ही किल्ल्या फिरवून बघितल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. दादा म्हणाला, "एक मला?"

"तुला किल्ली कशाला? तुला हे किल्लीशिवाय उघडतं."

"हो," दादा म्हणाला.

"म्हणूनच. रविवारी संध्याकाळी चिमणीला भेटायला यायचं. दाराला हात लावायचा नाही. बेल वाजवायची, आणि मी आतून विचारेन, आज खरं काय. आवडेल ते नाही, खरं. मग मी उघडायचं की नाही ते बघेन."

"आणि नाही उघडलंस तर?"

"तर बाहेर उभा राहशील. लोक राहतात, तू बघितलेत." मग तिने दार लावलं.

आम्ही पायरीवर. हत्यारांची पेटी माझ्या हातात. मला वाटलं झालं, चला. पण दादा जागचा हलेना. त्याचा हात खिशात गेला, जिथे हुक असतो. मी बघत होते. हात तसाच बाहेर आला, रिकामा, आणि त्याने बेल दाबली.

"कोण?" चिमणी ओरडली.

"मी."

"मी कोण?" हा वहिनीचा आवाज.

दादाने घसा साफ केला. "आज नाही झालं," तो दाराला म्हणाला. "काल सकाळी फार वाटलं होतं. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, चल, कानस धर. आज भीती वाटतेय. रविवार उद्या आहे, तरी आज वाजवली."

दादा हात बांधून उभा राहिला नाही, नुसता उभा राहिला. मी जिन्याच्या कठड्याचे गज मोजत बसले. मग आतून अण्णांच्या कुलपाचे सातही लिव्हर उचलल्याचा आवाज आला. फार छान आवाज आहे तो, एकदम सगळे. दार साखळीएवढंच उघडलं, आणि त्या फटीतून चिमणीचा हात बाहेर आला.

साखळी काढायच्या आधी मी खाली येऊन व्हॅनमध्ये बसले. आज लवकर थांबते, कारण आई बाहेरून ओरडतेय, समोरच्या दातांच्या डॉक्टरच्या गच्चीवर गाढव चढलंय, कसं चढलं कोणालाच माहीत नाही, आणि ते आता अँटेना खातंय.